तुपाशिवाय दाट आमटी

तूप वगळलं की आमटी पाणचट लागते, अशी तक्रार असते. खरी उणीव बहुतेक वेळा घोटण्यात असते. वाटीभर तूरडाळ अर्धा तास भिजवा. तीन वाट्या पाणी, हळद, हिंग, चमचाभर तेल घालून कुकरला चार शिट्ट्या द्या. डाळ गरम असतानाच रवीने घोटा, गार झाली की गुठळ्या राहतात. आमसूल किंवा चिंच आधी अजिबात नको, आंबटात डाळ लवकर शिजत नाही. दोन चमचे शेंगदाण्याच्या तेलात मोहरी पूर्ण तडतडू द्या (कच्ची राहिली तर कडवट लागते), मग जिरं, कढीपत्ता, मिरची. घोटलेली डाळ, गरम पाणी, दीड चमचा गोडा मसाला, गूळ, तीन आमसुलं, मीठ. दाटपणासाठी दोन चमचे ओलं खोबरं वाटून घाला आणि मंद आचेवर दहा मिनिटं उकळा.