कॉन्व्हेंटच्या प्राथमिक वर्गातली समाजसेवा : ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

लेक दुसरीत आहे. परवा डायरीत चिठ्ठी चिकटवून आली : 'कम्युनिटी सर्व्हिस'साठी एक किलो तांदूळ आणि एक अंगाचा साबण. कुणाला द्यायचं गं, विचारलं तर म्हणाली, "मिसला." तिच्यापुरता विषय संपला.

आपल्यापैकी बरेच जण ठाण्या-वाशीच्या कॉन्व्हेंटांत शिकलेत, आता पोरंही तिथेच आहेत. ख्रिस्ती असा, नसा. पहिली ते चौथीत शाळेने काय काय करवून घेतलं आणि त्यातलं कुणाच्या खरोखर उपयोगी पडलं, ते सांगा. शाळेचं नाव नको, म्हणजे मोकळं लिहिता येईल. 'छान संस्कार झाले' एवढंच म्हणायचं असेल तर बदाम टाका, पुरे.

चरईकर
आमच्याकडे लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, डबा असायचा. त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, सिस्टर टेबलावर पत्र्याचा डबा ठेवायच्या, तो ईस्टरपर्यंत तिथेच. रविवार सोडून चाळीस दिवस. घरून मागून आणलेले पैसे चालायचे नाहीत, स्वतःच्या खाऊतले वाचवायचे. म्हणजे मधल्या सुट्टीत सामोशाचा वास घ्यायचा आणि नाणं डब्यात टाकायचं. ख्रिस्ती मुलं कॅटेकिझमला (धर्मशिक्षणाच्या तासाला), आम्ही मोरल सायन्सला. डबा मात्र सगळ्यांचा एक.

पण लक्षात राहिलाय तो किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३. शाळेने कपडे मागवले, आणि घरोघरी कपाटं रिकामी करायची संधीच मिळाली. सिस्टरांनी गठ्ठे सोडून एकेक कपडा उलटापालटा करून पाहिला. बटण तुटलेले, काखेत उसवलेले सगळे परत. "तू स्वतः घालशील का हे?" एवढंच विचारायच्या. माझा चौकड्यांचा शर्ट परत आला तेव्हा आई आधी भडकली, मग रात्री चष्मा लावून बटणं टाकत बसली. दुसऱ्या दिवशी इस्त्री करून दिला.

माहेर_वसई
डब्यातल्या पैशांचं पुढे काय होतं, ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. ठाणे आणि नवी मुंबई मुंबईच्या महाधर्मप्रांतात, म्हणजे आर्चबिशपच्या हाताखालच्या चर्चच्या विभागात, येतात (आमचा वसईचा धर्मप्रांत १९९८ साली वेगळा झाला). बहुतेक पॅरिशमध्ये (एकेका चर्चच्या हद्दीत) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा असते. १८३३ साली पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ही संस्था. सभासद गरजूंच्या घरी स्वतः जातात. रेशन, औषधं, शाळेची फी बघतात. धर्म विचारत नाहीत. माझे सासरे जायचे. कुणाकडे जातात, ते घरातसुद्धा सांगायचे नाहीत. आमच्या पॅरिशमध्ये शाळेतलं धान्य याच लोकांकडे यायचं.

नेरूळची_आई
आमच्या शाळेचा निरोप रात्री दहाला ग्रुपवर येतो. मग आईबाप दुकान गाठतात, पोरगं झोपलेलं असतं. सकाळी पिशवी हातात देऊन बसमध्ये ढकलायचं. सेवा कुणी केली? वाण्याने. वर सगळ्यात जास्त सामान आणणाऱ्या वर्गाला ट्रॉफी!

धागाकर्ती
ट्रॉफी आमच्याकडेही आहे. कपाळाला हात.

वाशीच्या_टीचर (निवृत्त)
थोडी आमची बाजूही ऐका. चाळीस-पन्नास लहान मुलं बाहेर न्यायची म्हणजे बस, पालकांच्या सह्या, आया, उलट्या होणारी दोन-तीन पोरं. म्हणून बऱ्याच शाळा सामानावर भागवतात. शिवाय पालकांना फोटो हवे असतात. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बंदी आहे, हे मी दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, ग्रुपवर टाका ना."

आम्ही तिसरीच्या मुलांना वृद्धाश्रमात न्यायचो. आधी ठरलेलं : दोन गाणी, एक नाच, बिस्किटपुडे, परत. आजी-आजोबा टाळ्या वाजवायचे, पण कंटाळलेले कळायचे. एकदा गाणं चालू असताना एका आजींनी पुढच्या मुलीला खुणेने जवळ बोलावलं आणि उशीखालून सुई-दोरा काढला. "ओवून दे गं, मला दिसत नाही." तिने ओवला. शेजारच्या आजींनीही आपली सुई काढली. मग रांगच लागली. कुणी दोऱ्याला थुंकी लावतंय, कुणी टोक दातांनी तोडतंय. पुढच्या खेपेपासून आम्ही नाच काढून टाकला. मुलं एकेका सुईत लांब दोरा ओवून, गाठ मारून, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर टोचून ठेवायची. महिनाभर पुरायच्या.

दुसरं काम पेपर वाचायचं. कॉन्व्हेंटची मुलं मराठी जोडाक्षरांना अडखळतात. एक आजोबा पूर्वीचे मास्तर, ते उच्चार सुधारून घ्यायचे. कोण कुणाची सेवा करत होतं, देव जाणे.

जांभळी_नाका
२०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हा धाकट्याच्या शाळेने रद्दीच्या पिशव्या करवून घेतल्या. घरात मैद्याची खळ शिजतेय, फरशीला पेपर चिकटलेत, मांजराला पेपर चिकटलाय! पिशव्या मंडईत वाटल्या. कोथिंबीरवाल्या मावशी म्हणाल्या, "बाळा, माझी भाजी ओली, हिचा लगदा होईल. लसूणवाल्याला दे." लसूणवाल्याने खुशीत घेतल्या आणि आणखी मागितल्या. पोरगा दिवाळीपर्यंत करत होता, शाळेचा उपक्रम संपला तरी.

नेरूळची_आई
फक्त शेव-भजी नका देऊ त्यात. छापील शाईमुळे वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधू नयेत, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच सांगितलंय.

जांभळी_नाका
लसूण सोलून खातो हो आम्ही.

धागाकर्ती
टीचर, तांदळाची चिठ्ठी आलीच आहे, पिशवी तर द्यावीच लागेल. दुसरीतल्या मुलीकडून त्यात काय करून घेऊ?

वाशीच्या_टीचर (निवृत्त)
दुकानातून बंद पुडा आणू नका. घरच्या डब्यातला तांदूळ तिलाच मापाने काढू दे, ताटात पसरून खडे निवडू दे. सांडेल, सांडू दे. आणि शाळेत विचारा, धान्य पोचवायला जाताना दोन मुलं बरोबर नेता येतील का. आमच्याकडे फादर न्यायचे. कुणी पालकाने विचारलं तरच.