रायटिंग सेंटरचे ट्यूटर चुका दुरुस्त का करून देत नाहीत?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, सध्या अमेरिकेत पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करतोय. पहिलंच सेमिस्टर. पहिल्या पेपरवर प्रोफेसरांचा शेरा आला, ‘मुद्दा कळत नाही, रायटिंग सेंटरला जाऊन ये.’ म्हणजे युनिव्हर्सिटीतली, विद्यार्थ्यांना लिखाणात मदत करणारी जागा. गेलो. समोर बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची मुलगी, तीही इतिहासाची. तिने मला माझाच पेपर मोठ्याने वाचायला लावला आणि मधेमधे थांबवून एकच पालुपद, ‘इथे तुला काय म्हणायचंय?’ म्हटलं, बाई, व्याकरण तेवढं बघून दे. तर म्हणे आम्ही प्रूफरीडिंग करत नाही. पाऊण तास गेला, पेपर होता तसाच. फुकट आहे म्हणून असं का? थँक्सगिव्हिंगनंतर लिटरेचर रिव्ह्यू (विषयावरच्या आधीच्या संशोधनाचा आढावा) द्यायचाय. परत जाण्यात काही राम आहे का?

टपालपेटी:
चॅटजीपीटीला टाक, दोन मिनिटांत व्याकरण चकाचक. अपॉइंटमेंट कशाला हवी?

ओवी_नाशिककर:
कृष्णाकाठ, एम.ए. करताना मी अशाच एका सेंटरमध्ये ट्यूटर होते. वयाने मोठी आहे, अरे-तुरे करते, चालवून घे.

आधी ती मुलगी का, ते सांगते. 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या हायस्कूल पास झालेल्या सगळ्यांना प्रवेश खुला केला. लिखाणात कच्ची असलेली खूप मुलं आली, पण कॉलेजने देऊ केलेल्या मदतीकडे फिरकेनात, कारण ती मदत म्हणजे पुन्हा वर्गच. ब्रुकलिन कॉलेजात केनेथ ब्रुफी शिकवायचे, त्यांनी मग विद्यार्थ्यांनाच तयार करून ट्यूटर म्हणून बसवलं. तेव्हा ती तुझ्याहून लहान आहे यात गफलत काही नाही. इतिहासाची आहे हे तर तुझ्या पथ्यावरच. तिला जिथे कळलं नाही, तिथेच बहुधा प्रोफेसरही अडले असणार. आणि फुकट कसलं, बऱ्याच ठिकाणी हे तुमच्या फीमधूनच चालतं.

आता तुझी तक्रार. ती अर्धी मला मान्य आहे. मोठ्याने वाचायची युक्ती लहानपणापासून इंग्रजी बोलणाऱ्यांना छान लागू पडते. वाक्य चुकलं की त्यांच्या कानाला खुपतं. आपण ‘द’ (the) गाळून अख्खं पान वाचू आणि ढिम्म काही वाटणार नाही. मग ‘तुला काय वाटतं?’ याचं उत्तर आणायचं कुठून? या क्षेत्रातल्या लोकांनीही हा वाद भरपूर घातलाय. इंग्रजी दुसरी भाषा असलेल्यांना आडवळणाने विचारत बसू नका, सरळ सांगा, असं म्हणणारे तिथेही बरेच आहेत. पण नव्या ट्यूटरच्या डोक्यात ट्रेनिंगमधलं एकच पक्कं असतं : पेन्सिल विद्यार्थ्याच्या हातात राहिली पाहिजे, म्हणजे दुरुस्ती त्यानेच करायची.

म्हणून पहिली पाच मिनिटं तू ताब्यात घे. ‘व्याकरण बघ’ म्हणू नकोस. म्हण, ‘या एका परिच्छेदात आर्टिकल (a, an, the) कुठे चुकलं ते दाखव, का चुकलं ते सांग. पुढचा परिच्छेद मी करतो, तू तपास.’ हे शिकवणं झालं, त्याला कुणी नाही म्हणत नाही. असाइनमेंटचा कागद आणि प्रोफेसरांचा शेरा दोन्ही घेऊन जा. आमच्याकडे मुलं नुसता पेपर घेऊन यायची, मग प्रोफेसरांना हवंय काय हे ओळखण्यातच निम्मा वेळ जायचा.

लिटरेचर रिव्ह्यूचं म्हणशील तर आपल्या मुलांचा साचा मला पाठ आहे : अमुक यांनी 2015 मध्ये असं म्हटलं, तमुक यांनी 2018 मध्ये तसं म्हटलं, पान संपलं. ट्यूटरला सांग, आपण उलटी आउटलाइन करू. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात चार-पाच शब्दांत त्याचा मुद्दा लिहायचा. समासात नुसती आडनावं जमली तर मुद्द्यांवर मांडणी झालेलीच नाही. हे कळायला पब्लिक हेल्थ यावं लागत नाही. दुसऱ्याचं वाक्य दोन शब्द बदलून घेतलेलं कुठे असेल (गाईडातली उत्तरं उतरवून आपण मार्क मिळवलेत, हाताला सवय असते), तर तेही दाखव. खाली संदर्भ दिला तरी ते तिथे चालत नाही. ती मार्क देणारी नाही, तेव्हा बिनधास्त दाखव.

टपालपेटी, चॅटजीपीटी वापरण्याबाबत प्रत्येक प्रोफेसरचा नियम वेगळा असतो, आधी सिलॅबस (कोर्सच्या नियमांचा कागद) वाचावा लागतो. शिवाय शेरा ‘मुद्दा कळत नाही’ असा आहे. ‘द’ जागच्या जागी बसले तरी तो शेरा तसाच राहणार.

टपालपेटी:
बरं, मान्य.

शेवग्याची_शेंग:
एपीएच्या (संदर्भ लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) फॉरमॅटसाठी ट्यूटरचा वेळ घालवू नकोस. पर्ड्यू विद्यापीठाच्या रायटिंग लॅबची ‘आउल’ नावाची साइट आहे, 1994 पासून चालू, कुणालाही खुली. एपीएच्या सातव्या आवृत्तीचे नियम उदाहरणांसकट मिळतील.

कृष्णाकाठ:
ओवीताई, खूप आभार. दोन शंका. मी आलो होतो हे प्रोफेसरांना कळतं का? आणि त्याच मुलीकडे जाऊ की दुसरं कुणी बघू?

ओवी_नाशिककर:
आमच्याकडे सेशन संपल्यावर विचारायचे, प्रोफेसरांना कळवू का. तुमच्याकडेही विचारलं तर हो म्हण, तोटा काही नाही. मुलगी तीच ठेव, तुझा पेपर तिने एकदा ऐकलाय, पहिल्यापासून सांगायला नको. अगदीच जमलं नाही तर ग्रॅड ट्यूटर (मास्टर्स किंवा पीएच.डी. करणारा) आहे का ते बुकिंगच्या पानावर बघ. पण आजच बघ. नोव्हेंबरच्या शेवटी सगळा कॅम्पस तिथेच लोटतो आणि रात्री साडेअकराचा स्लॉटसुद्धा मिळत नाही. पूर्ण मसुदा तयार नसला तरी जा, दोन पानं पुरतात.