वीस बदल केलेला लांडगा डायर वुल्फ होतो का? कुनोच्या शेजाऱ्यांनो, बोला

लष्करकर:
काल रात्री भाचा प्रोजेक्टची फाईल घेऊन आला. सातवीत आहे. विषय 'विज्ञानाने परत आणलेला प्राणी', पांढऱ्याशुभ्र लांडग्याचा फोटो चिकटवलेला आणि खाली स्केचपेनने 'डायर वुल्फ, जन्म २०२४'. बाईंनी व्हेरी गुड दिलंय. तेव्हापासून मला काही चैन नाही.

ज्यांनी बातमी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या कोलोसल कंपनीने जाहीर केलं की १२-१३ हजार वर्षांपूर्वी संपलेला, लांडग्यासारखा दिसणारा डायर वुल्फ आम्ही परत आणला. पिल्लं तीन, रोम्युलस, रीमस आणि खलीसी. केलं काय, तर १३ हजार वर्षं जुना एक दात आणि ७२ हजार वर्षं जुनी एक कवटी, त्यातून डीएनए वाचला, मग आजच्या साध्या करड्या लांडग्याच्या पेशी घेऊन १४ जनुकांत मिळून २० बदल केले आणि कुत्रीच्या पोटात पिल्लं वाढवली. जुन्या हाडातला एक कणसुद्धा त्या पिल्लांत नाही, सगळं आजच्या लांडग्याचंच. आता हिशोब करा. लांडग्याच्या डीएनएत अक्षरं साधारण २४० कोटी. दोघांचं ९९.५ टक्के सारखं असं कंपनीच सांगते, म्हणजे उरला अर्धा टक्का, म्हणजे १ कोटी २० लाख. त्यातली २० बदलली. आणि नाव डायर वुल्फ!

आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लांडगे-कुत्रे बघणाऱ्या तज्ज्ञगटानेही त्याच महिन्यात सांगितलं की हा डायर वुल्फ नाही. पण ते फाईलपर्यंत पोचत नाही, फोटो पोचतो.

मला राग का येतो सांगतो. आमचे बाबा १९८५ मध्ये बजाज स्कूटरवर शिवपुरीकडच्या करेऱ्याला गेले होते, दिहायला तळ्याच्या बाजूला माळढोक बघायला. अभयारण्य १९८१ चं, खास माळढोकसाठीच केलेलं. बाबांनी बघितला. हरभऱ्याच्या शेतातून मान ताठ करून असा चालत गेला जसा काही गावचा पाटील, हे ते आम्हाला चालून दाखवायचे. मी मोठा होऊन गेलो तेव्हा तिथे एकही नव्हता, नव्वदच्या दशकातच संपला. आता भाच्याच्या पिढीला शाळेत शिकवायचं की संपलेलं परत आणता येतं? मग राहिलेल्याची काळजी करेल कोण?

थाटीपूरचा बंडू:
आमच्याकडे गणपतीत दरवर्षी एका पोराला पिवळा रंग लावून काळे पट्टे ओढून वाघ करतात, नाचतोही झकास. त्याला कुणी कुनोच्या जंगलात सोडा म्हणत नाही. लष्करकर १००% बरोबर.

बायोटेकवाली:
बंडूदादा, रंग धुतला की तुमचा वाघ पुन्हा बंडू होतो. या पिल्लांचा रंग, आकार, केसांची जाडी डीएनएतच लिहिलेली आहे, धुऊन जाणार नाही. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लष्करकरदादा, नाव चूक आहे हे मलाही मान्य, माझंही टाळकं फिरलं होतं ते वाचून. पण तुम्ही नावावर चिडून कामच फेकून देताय. डॉली मेंढी १९९६ ची, २७७ प्रयत्नांत एक. २००३ मध्ये स्पेनमध्ये बुकार्डो नावाची डोंगरी शेळी क्लोन केली, नामशेष झालेला प्राणी खरंच परत जन्मला असं पहिल्यांदाच झालं, आणि ते पिल्लू काही मिनिटांत गेलं, फुप्फुसात दोष होता. तिथपासून आज एकाच पेशीत वीस बदल एकदम करून तीन धडधाकट पिल्लं, तीही पेशींसाठी जनावराला कापाकापी न करता, नुसत्या रक्तातून पेशी वेगळ्या करून. मी एमएस्सीला पेट्री डिशमध्ये एक बदल करायला सहा महिने घालवलेत, तिसऱ्यांदा बुरशी आली तेव्हा होस्टेलच्या जिन्यात बसून रडले होते. वीस म्हणजे काय ते मला विचारा.

आणि माळढोकचंच बोलायचं तर ऑक्टोबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या केंद्रात कृत्रिम रेतनातून माळढोकचं पिल्लू जन्मलं, पहिल्यांदाच. तेही लॅबवाल्यांनीच केलं ना?

कंपूवाले काका:
लष्करकर, तुझे बाबा आणि मी एका वर्गात होतो, म्हणून हक्काने बोलतो. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातले आठ चित्ते विमानाने आपल्याच ग्वाल्हेरला उतरले आणि इथून हेलिकॉप्टरने कुनोला गेले, तेव्हा तू पेढे वाटले होतेस. मी खाल्लाय, म्हणून लक्षात आहे. ते चित्ते आपले होते का? आपला चित्ता आशियाई. सरगुजाकडच्या कोरियाच्या महाराजांनी १९४७ च्या सुमारास तीन मारले ते शेवटचे, १९५२ मध्ये सरकारने संपला म्हणून जाहीर केलं. कुनोत फिरतोय तो आफ्रिकेचा. तिथे तुला नाव चाललं, इथे का नाही?

आणि हे काही नवं नाही. कोल्हापूर आणि भावनगरच्या दरबारांनी शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते मागवले होते, आपले कमी पडायला लागले म्हणून. इतकंच कशाला, आपल्या ग्वाल्हेरच्या माधोमहाराज शिंद्यांनी आफ्रिकेतून सिंह आणून याच कुनो-शिवपुरीकडच्या रानात सोडले होते. ते गुरं मारायला लागले, मग माणसं, शेवटी सगळं आवरावं लागलं. लहानपणी रात्री मी झोपलो नाही की आजी शिवपुरीचा सिंह आणायची. तेव्हा माणूस हा उद्योग पूर्वीपासून करतोय. आता यंत्रं चांगली आलीत तर करू दे की.

लष्करकर:
काका, पेढे वाटले आणि परत वाटीन. आफ्रिकेचा असला तरी चित्ता हा चित्ताच. आपला आणि त्यांचा वेगळा होऊन हजारो वर्षं झाली, लाखो नाही, लग्न लावलं तर पोरं होतील. डायर वुल्फचं २०२१ मध्ये जुन्या हाडांतून जे डीएनए वाचलं त्यात निघालं की तो लांडग्यांच्या घराण्यापासून सत्तावन्न लाख वर्षांपूर्वीच फुटला. नाव वुल्फ पण भाऊबंदकी नाही. म्हणजे कुनोत आपण चुलतभावाला गावाकडच्या घरात राहायला बोलावलं. तिथे शेजारच्या आळीतल्या माणसाला टोपी घालून आजोबा म्हणून ओसरीवर बसवलंय. हे दोन्ही तुम्ही एका तराजूत कसे घालता?

थाटीपूरचा बंडू:
ओसरीवरचे आजोबा!! काका, आता उत्तर द्या.

कंपूवाले काका:
देतो. आजोबा गेलेच आहेत. ओसरी रिकामी ठेवण्यापेक्षा कुणीतरी बसलेला बरा, चोर तरी येत नाहीत. रानातही तसंच असतं, शिकारी जनावर गेलं की हरणं-डुकरं शेत खाऊन टाकतात. काम कोण करतो ते बघावं.

श्योपूरवाले:
ओसरीची गोष्ट निघालीच आहे तर ओसरी कुणाची होती तेही ऐका. मी वाढलो श्योपूरला, आजोळ जनकगंजात, दर उन्हाळ्यात नॅरोगेजने ग्वाल्हेरला यायचो. दोन फुटी रूळ, गाडी इतकी हळू की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची. २०२० मध्ये बंद झाली. असो.

कुनोत चोवीस गावं होती, बहुतेक सहरिया आदिवासींची. ती उठवली ती चित्त्यासाठी नाही, गीरच्या सिंहासाठी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरुवात झाली, दीड हजाराच्या वर कुटुंबं हलली. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं सहा महिन्यांत सिंह पाठवा. आजपर्यंत एक सिंह आला नाही. आशियाई सिंह, जिवंत, खरा, नावाचाही वाद नाही, डीएनएत एक अक्षर बदलायची गरज नाही, ट्रकने एका दिवसाचा रस्ता, आणि तो आणता येत नाही. आमच्या शेतावर कामाला येणारा एक म्हातारा सहरिया होता, पालपूरच्या बाजूच्या गावातून उठवलेला. गावातल्या महुआच्या झाडांची तो नावं सांगायचा, प्रत्येक झाडाला नाव, कुठलं कोणत्या घराचं ते सगळं. मला दहा-बारा अजून पाठ आहेत.

तुमचा वाद चालू द्या, पण लॅबमधून जनावर निघालं तरी शेवटी ते ठेवायला कुणाची तरी जमीन लागते, आणि ती कुणाची जाते ते आम्ही बघितलंय. माझा दोघांनाही विरोध आहे.

बायोटेकवाली:
श्योपूरवाले दादा, महुआचं वाचून थांबले थोडा वेळ. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि उगाच देणारही नाही.

पण विज्ञान कमी पडलं की जनावर कसं मरतं तेही कुनोतच दिसलं. २०२३ च्या पावसाळ्यात दोन-तीन चित्ते रेडिओ कॉलरखालच्या जखमांनी गेले. कारण काय तर हे दक्षिण गोलार्धातले, जून-जुलैत तिकडे हिवाळा, अंगातलं घड्याळ तेच, म्हणून इथे भर पावसाळ्यात त्यांना हिवाळ्याचे दाट केस आले. त्यावर ओला पट्टा, खाली माशा, मग अळ्या, मग रक्तात विष. केस कधी वाढवायचे हे अंगात कुठे ठरतं, हेच आम्ही शिकत असतो. याला तुम्ही टोपी घालणं म्हणणार का?

आणि लष्करकरदादा, खरी गोष्ट तर ही. आपला आशियाई चित्ता आज फक्त इराणात उरलाय, मूठभर. सत्तरच्या दशकात बोलणी चालली होती, तिकडे १९७९ ची क्रांती झाली आणि बारगळली. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने म्हटलं जोडी नाही तर नुसत्या जिवंत पेशी द्या, आम्ही क्लोन करतो. इराणने नकार दिला. १९४७ ला आपल्याकडे कुणी चित्त्याच्या कातडीचा बोटभर तुकडा नीट गोठवून ठेवू शकलं असतं तर ही वेळच आली नसती. अमेरिकेत काळ्या पायांच्या फेरेटच्या (मुंगसासारखा दिसणारा प्राणी) पेशी १९८८ मध्ये गोठवल्या, तेव्हा त्यांचं करायचं काय हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि २०२० मध्ये त्यातून एलिझाबेथ अॅन जन्मली. त्याच पेशींच्या दुसऱ्या क्लोनला २०२४ मध्ये पिल्लंही झाली. हा खरा फेरेट, तुमच्या व्याख्येनेही खरा.

मुरारची आई:
मी विज्ञानातली नाही, बँकेत असते. एक सांगू का, तुम्ही टेक्सास फिरून आलात आणि मुरैनाला कुणी थांबलंच नाही.

देवरीचं घडियाल केंद्र, हायवेलाच आहे. घडियाल म्हणजे लांब तोंडाची सुसर. सत्तरच्या दशकात घडियाल सगळीकडचे मिळून दोनशेच्या आसपास उरले होते. मग चंबळच्या वाळूतून अंडी उचलून आणायची, इथे वाळूत पुरायची, पिल्लं वाढवायची आणि चार फुटाची झाली की नदीत सोडायची, हे सुरू झालं. आज जगात सर्वात जास्त घडियाल आपल्या चंबळमध्ये आहेत. मी मुलीला घेऊन जूनमध्ये गेले होते. तिथल्या माणसाने आम्हाला वाळूजवळ वाकून ऐकायला सांगितलं. आतून आवाज येत होता! अंड्याच्या आतून पिल्लं ओरडतात, क्वॅक क्वॅक असं बारीक, आई आहेस ना बाहेर असं विचारल्यासारखं. आणि आई नव्हती, ती चंबळमध्ये, म्हणून तो माणूस हाताने वाळू बाजूला करत होता, बोटांनीच, फावडं नाही. एक पिल्लू निघालं, माझ्या कोपरापासून मनगटाएवढं, तोंड म्हणजे नुसती पेन्सिल, अंगाला वाळू चिकटलेली, आणि निघाल्या निघाल्या त्या माणसाच्या बोटाला चावायला बघत होतं. मुलगी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि मग रात्रभर बोलत होती.

भाच्याच्या प्रोजेक्टचा विषय 'परत आणलेला प्राणी' आहे ना? हा आणलाय.

कंपूवाले काका:
मुखीचंही लिहा त्यात. कुनोतल्या ज्वाला चित्तीणीला मार्च २०२३ मध्ये चार पिल्लं झाली, मेच्या उन्हात तीन गेली, उरली ती मुखी, माणसांनी हाताने वाढवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिला स्वतःला पाच पिल्लं झाली. कुनोतच जन्मलेल्या चित्तीणीची पिल्लं. तिला आता आफ्रिकेची म्हणाल तर माझ्याशी गाठ आहे.

लष्करकर:
काका, मुखीपुरता मी तुमच्या बाजूने.

बायोटेकवाली, पेशी गोठवायचं मला पटलं, पूर्ण पटलं. माळढोकच्या, खवल्या मांजराच्या, जे जे उरलंय त्याच्या आजच गोठवून ठेवा, त्यासाठी वर्गणी काढली तर पहिली पावती माझी. पण नावाचं मी सोडणार नाही. ज्या लांडग्यावर प्रयोग झाला तो लांडगा म्हणूनच सुंदर आहे, आपल्या चंबळच्या बीहडात आजही फिरतो, आणि त्याच्यावर कुणी व्हेरी गुड देत नाही.

भाच्याला बसवून आत्ता ओळ बदलून घेतली. त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलं, 'हा करडा लांडगा आहे, याच्या डीएनएत २० बदल केले, म्हणून तो डायर वुल्फसारखा दिसतो.' पुढच्या पानावर घडियाल काढतोय, शेपटी मावत नाहीये म्हणून कागद जोडलाय.

थाटीपूरचा बंडू:
बाई मार्क कापतील हां.

लष्करकर:
कापू देत. मी जाऊन बोलेन बाईंशी. मुरारच्या वहिनी, देवरीला पिल्लं नक्की कधी निघतात? पोराला न्यायचंय.

मुरारची आई:
मेचा शेवट ते जूनची सुरुवात. सकाळी लवकर निघा, उन्हाच्या आत. आणि फोन करून जा, अंडी फुटायची वेळ आली असेल तर तिथली माणसं रात्रभर जागी असतात आणि दिवसा बोलायच्या मनःस्थितीत नसतात.