मदत हवी आहे : नववीच्या पोरांना किनाऱ्यावर शिकवायला न्यायचंय, कसं जमवू?

नमस्कार मंडळी. मी राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या एका हायस्कूलला भूगोल शिकवतो (आणि विज्ञानपण, कारण विज्ञानाच्या बाई रिटायर झाल्या आणि ती जागा काही भरली नाही, असो). नववीत ३४ मुलं आहेत. दिवाळीनंतर तीन दिवस त्यांना वर्गाबाहेर न्यायचं डोक्यात आहे, एक दिवस खडकाळ किनारा, एक दिवस कांदळवन (खाडीतलं तिवरांचं रान) आणि एक दिवस सडा (वरचं उघड्या कातळाचं पठार). सहल नाही हां, डबे आणि अंताक्षरी नकोय, वही-पेन्सिल घेऊन बघणं, मोजणं, काढणं असं काहीतरी.

हे डोक्यात शिरलं ते एका पोरीमुळे. मध्ये प्रार्थनेआधी उशिरा आली म्हणून विचारलं तर म्हणते, "सर आज तीज ना, आठला पूर्ण सुकती (ओहोटी), आजीबरोबर कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला गेलेले." हिला सातवीत भरती-ओहोटीचा धडा मीच शिकवलेला आणि परीक्षेत सूर्य-चंद्र-पृथ्वीची आकृती हिने कोरी सोडलेली. म्हणजे शून्य मीच दिला होता. तेव्हापासून चैन नाही.

आता अडचणी. हेडसर म्हणतात पोरं किनाऱ्यावरचीच, त्यांना कसला समुद्र दाखवता, आणि पुढच्याच वाक्यात म्हणतात काही झालं तर सही माझी आहे. पालकसभेत विषय काढला तर एक पालक म्हणाले मास्तर, कालवं काढायला आमची आई शिकवते, तुम्ही इंग्लिशकडे बघा. सगळे हसले, मीपण हसलो, काय करणार. नव्या शैक्षणिक धोरणातले (२०२०) ते दप्तराविना दहा दिवस सहावी ते आठवीला आहेत, म्हणजे नववीवाल्यांनी दप्तर घेऊन बाकावरच बसायचं बहुतेक.

कुणी हे केलंय का? मोठी माणसं किती लागतात, वेळ कशी ठरवायची, आणि परत आल्यावर वहीत नेमकं काय लिहून घ्यायचं? पैसे जवळजवळ नाहीत.

खाडीपलीकडची
मी देवगडकडे तीन वर्षं नेतेय. आधी तारीख, मग बाकी सगळं. तुमच्या पोरीने सांगितलंच आहे, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, तृतीयेला सव्वादोन, म्हणजे त्याआधीची सुकती सकाळी आठच्या आसपास. पुनवेनंतरची द्वितीया-तृतीया बघा, उधाणाचं पाणी असतं त्यामुळे खडक लांबपर्यंत उघडा पडतो आणि वेळपण शाळेची. अष्टमीला भांग असतो, पाणी धड भरत नाही, धड सुकत नाही, फुकट फेरी पडेल. तरी तासाचा हिशोब भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्या, पाऊणपट अंदाजाला आहे. पूर्ण सुकतीच्या तासभर आधी खाली उतरायचं आणि पाणी फिरलं की त्या मिनिटाला परत, एक खळगा (खडकात पाणी साठतं तो) राहिला, एक फोटो राहिला, काही नाही.
पायात कॅनव्हासचे बूट. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, पहिल्या वर्षी एकाचा तळवा कापला तेव्हा अक्कल आली. शंख उचलायचे नाहीत, कोन शंखाला विषारी काटा असतो. माझ्याकडे आठ मुलांमागे एक मोठं माणूस, आणि एक जण फक्त समुद्राकडे तोंड करून उभा, त्याने बाकी काही बघायचं नाही.
वहीचं म्हणाल तर पूर्ण वर्ग एका खळग्याभोवती उभा करू नका. चार जणांना एक खळगा, वीस मिनिटं, गप्प. पहिली पाच मिनिटं "सर यात काहीच नाही" म्हणतात, मग कुणालातरी शंख चालताना दिसतो (आत खेकडा), मग समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी) मिटतं, मग उठवावं लागतं.

जांभ्या
समुद्रापासून सुरुवात करू नका असं माझं मत. २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याची कॉलेजची मुलं बुडाली तेव्हापासून सहल आणि समुद्र एका वाक्यात आले की कुणी सही करत नाही, आणि ती भीती खोटी पण नाही. पहिला दिवस सडा करा, तो नीट पार पडला की हेडसर मऊ होतील. तुमच्याच तालुक्यात देवाचे गोठणे आहे ना, तिथल्या कातळशिल्पाजवळ (कातळात कोरलेलं जुनं चित्र) होकायंत्र ठेवलं की सुई भरकटते, पोरं वेडी होतात. बारसूची कातळशिल्पं पण तुमच्याकडेच. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. सुतळीने चौकोन पाडून आलेख कागदावर उतरवायला लावा, गणिताचे सरपण खूष. चित्रावर पाय द्यायचा नाही आणि फोटोसाठी रेषांत खडू-रांगोळी भरायची नाही हे आधीच बजावा. दहाच्या आत उरका, नंतर कातळ तव्यासारखा तापतो.
आणि अर्जात सहल लिहू नका, क्षेत्रभेट लिहा. दहावीच्या भूगोलाचा पहिलाच धडा तो आहे, त्यातली मुलं घाटावरून प्रवास करत अलिबागला येतात. हेडसरांसमोर पुस्तकच उघडा.

मालवणी मसाला
कांदळवनासाठी वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून फिरवतात, पण तुम्हाला लांब पडेल. तुमच्या खाडीत तिवरं असतीलच, चिखलातून वर आलेली श्वासमुळं एक मीटरच्या चौकोनात किती ते मोजायला सांगा. आकडा ऐकून तुम्हीच परत मोजाल.

धागाकर्ता
सगळ्यांना थँक्यू. अर्ज फाडून परत लिहिला, क्षेत्रभेट, आधी सडा. हेडसरांनी ठेवून घेतलाय, नाही म्हणाले नाहीत. किनाऱ्याच्या दिवसासाठी त्या पोरीच्या आजीलाच विचारलं, समुद्राकडे तोंड करून उभं राहायला. म्हणाल्या येते, पण मास्तर तुम्ही ती सॅंडल घालून येऊ नका. शेवटचं एक, होकायंत्रं सात-आठ लागतील, रत्नागिरी-राजापूरकडे कुणाच्या शाळेच्या कपाटात पडून असतील तर एक दिवसासाठी द्याल का? मी येऊन नेतो.