मदत हवी आहे : दंडाचा कफ आणि प्रेशर सेन्सर, वरचं बीपी जुळत नाही

नमस्कार मंडळी,

बीपी मोजायचं यंत्र घरीच जुळवतोय. विकतचं आहेच. पण आई रोज सकाळी त्याचा कफ (दंडाला गुंडाळायचा, हवा भरायचा पट्टा) बांधते, वहीत आकडे लिहिते आणि त्यावरून डॉक्टर गोळी कमीजास्त करतात. ते आकडे नक्की येतात कुठून, हे मला मुळापासून समजून घ्यायचंय. बरंच जमलंय, एका ठिकाणी अडलोय.

कफच्या नळीला टी जोड लावून एका बाजूला हाताने दाबायचा रबरी फुगा आणि दुसऱ्या बाजूला एमपीएक्स ५०५० सेन्सर बसवलाय. हा ० ते ५० किलोपास्कल मोजतो, म्हणजे साधारण ३७५ मिमी पारा. दर मिमीला १२ मिलिव्होल्ट वाढतात. ते आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला दिलेत. त्याच नळीवर डायलचं मीटर लावून ५०, १००, १५०, २०० ला ताडून पाहिलं, चोख जुळतं. म्हणजे स्थिर दाबाची अडचण नाही.

कफ फुगवून हवा हळूहळू सोडली की आलेखात उतरती रेघ येते आणि तिच्यावर नाडीचे बारीक ठोके दिसतात. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा फार आनंद झाला! उतार वजा करून प्रत्येक ठोक्याची उंची मांडली की टेकडीसारखा आकार मिळतो. तिचं शिखर ज्या दाबाला येतं तो सरासरी धमनी-दाब, असं वाचलंय आणि ते पटतंही. आईचं विकतच्या यंत्रावर १४२/७८ येतं. खालच्या आकड्यात फरकाचा एक तृतीयांश मिळवला तर ९९, आणि माझं शिखरही ९९-१०० च्या आसपासच येतं.

गाडी अडते ती पुढे. शिखराच्या निम्म्या उंचीला वरचं बीपी आणि पलीकडच्या उतारावर ०.८ पट उंचीला खालचं, हे ठोकताळे वापरले. माझ्या दंडावर दोन्ही आकडे जुळतात. आईच्या दंडावर खालचा ठीक, पण वरचा १५५ च्या पुढे जातो. शिवाय टेकडीच्या कडेला ठोके इतके बारीक होतात की उनोच्या १० बिटी एडीसीच्या (व्होल्टेजचे आकडे करणारा भाग) पायऱ्यांत हरवतात. एक पायरीच ०.४ मिमीची आहे आणि मोठ्यात मोठा ठोकासुद्धा दोन-तीन मिमीचा.

निम्म्याऐवजी कुठलं गुणोत्तर घ्यावं? की माझी रीतच चुकतेय?

प्रतिसाद

आधी कफचं माप बघा. आतल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के असावी लागते. तुम्हाला बसणारा कफ त्यांना तोकडा पडत असेल तर आकडा वर जातो. दंड हृदयाच्या पातळीत हवा. १० सेंमी खाली राहिला तरी सात-आठ मिमी वाढतात. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पाच मिनिटं शांत बसणं आणि मोजताना न बोलणं, हे तर आहेच.

प्रतिसाद

रीत चुकत नाहीये. मी वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्तीत काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यांना लागू पडेल असं गुणोत्तर नाही. या पद्धतीत यंत्राला थेट सापडतं ते फक्त शिखर. वरचा आणि खालचा आकडा ते टेकडीच्या आकारावरून अंदाजाने काढतं आणि तो हिशेब प्रत्येक कंपनी स्वतःजवळ ठेवते. वयाबरोबर धमन्या ताठर होतात, टेकडीचा आकार बदलतो, आणि निम्म्या उंचीचा ठोकताळा तिथेच फसतो. म्हणून आयएसओ ८१०६०-२ या मानकात ८५ माणसांवर ताडून पाहावं लागतं: सरासरी फरक ५ मिमीच्या आत, प्रमाण विचलन (फरकांचा विखुरलेपणा) ८ च्या आत. एखाद्या माणसाच्या बाबतीत पास झालेलं यंत्रही बरंच चुकू शकतं.

तेव्हा विकतच्या यंत्राशी तुलना म्हणजे एका अंदाजाची दुसऱ्या अंदाजाशी तुलना. त्यापेक्षा स्टेथोस्कोप घ्या. कफखालून रक्त पुन्हा वाहू लागताना येणारे, कोरोटकॉफ या रशियन डॉक्टरने १९०५ साली सांगितलेले आवाज कोपराच्या आतल्या बाजूला ऐका आणि पहिल्या (वरचं बीपी) व शेवटच्या (खालचं) आवाजाला एक बटण दाबा, त्याची खूण आलेखातच उमटू दे. मग त्या क्षणी टेकडीची उंची किती होती ते तुमच्याच नोंदीतून मिळेल. मनगटाची नाडी लागेनाशी होते त्याच्या २०-३० मिमी वरपर्यंत फुगवा, म्हणजे पहिला आवाज निसटणार नाही.

हवा सेकंदाला दोन-तीन मिमी, याहून वेगाने सोडू नका. ठोके मिनिटाला ६० असतील तर दोन ठोक्यांमध्येच दाब तेवढा उतरतो; त्याहून बारीक आकडा सांगायला माहितीच नसते. पायऱ्यांसाठी एडीएस १११५ हा वेगळा एडीसी लावा, १६ बिटी आहे, तुमचे ठोके व्यवस्थित दिसतील. ०.५ ते ५ हर्ट्झची चाळणी (फिल्टर, म्हणजे फक्त तेवढ्या वेगाचे चढउतार ठेवायचे) प्रोग्राममध्येच करा, पण मोजणी संपल्यावर, साठवलेल्या नोंदीवर, म्हणजे ठोके दाबाच्या मानाने मागे सरकणार नाहीत.

आणि दोन गोष्टी मनापासून सांगतो. हवा झटकन सोडायची झडप हाताने फिरणारीच ठेवा, प्रोग्रामच्या भरवशावर नको. आणि हे आकडे आईच्या वहीत लिहू नका, तिथे तपासलेल्या यंत्राचेच राहू द्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. कफ मोजला, आईला तो खरंच थोडा तोकडा आहे. मोठा आणतो आणि स्टेथोस्कोप लावून पुन्हा नोंद घेतो. एक शंका: शेवटी आवाज आधी दबका होतो आणि मग बंद. बटण कधी दाबायचं?

प्रतिसाद

पूर्ण बंद होतो तेव्हा. काही जणांना आवाज जवळपास शून्यापर्यंत येत राहतो. फक्त तेव्हाच दबका होण्याचा क्षण धरायचा आणि तसं नोंदीत लिहायचं.