मदत हवी आहे: फळमाशीच्या पायावर डोळा उगवत नाही (वडोदरा)

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकासाठी फळमाशीत आयलेस (डोळा घडवणारा) जीन भलत्याच जागी चालू करायचा आहे. डीपीपी-गॅल४च्या (पाय-पंख होणाऱ्या भागांत गॅल४ हे जीन चालू करणारं प्रथिन बनवणाऱ्या) कुमारी माद्या, यूएएस-आयलेसचे (गॅल४ मिळालं की आयलेस चालू होणारे) नर. १९९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलला अशाच गॅल४-यूएएस जोडणीतून पायांवर, पंखांवर डोळे आले होते.

२५ अंशांवर पंखाच्या मुळाशी जेमतेम लाल ठिपका दिसतो, पाय नुसते आखूड नि वाकडे. गॅल४ उष्णतेत जोर धरतं म्हणून २९वर नेलं, तर कोष काळे पडून आतच मरतात. १८वर काहीच नाही. डीपीपी-गॅल४ टीएम६बीवर (टबी ही बुटक्या कोषाची खूण असलेल्या जोडीदार गुणसूत्रावर) सांभाळलेला आहे, त्यामुळे गॅल४ न मिळालेले बुटके टबी कोष वगळून फक्त लांबट कोषच मोजतो.

अंडी २५वर, दुसऱ्या अवस्थेपर्यंत अळ्या १८वर आणि मग २९वर, अशी बदली कुणी केली आहे का? नेमकी कोणत्या तासाला? मेलेले कोष सोलले तर पायावरचा लाल रंग ओळखू येतो का?

शिवाय इथला मे महिना! वीज गेली की इनक्यूबेटर ३१वर जातो आणि नर वांझ होतात. नर वेगळे १८वर ठेवणं पुरेल, की दर खेपेला नवे घ्यावेत?