बोटीवरील महागडे सोलर पॅनेल : जादा पैसे वसूल होतात का?

हर्णैचा_दर्यावर्दी

नमस्कार. आमची ३२ फुटी गिलनेट बोट हर्णैला असते आणि एका फेरीला चार दिवस समुद्रात राहते. रात्री जाळे सोडले की डिझेल वाचवण्यासाठी तांडेल (बोटीचा प्रमुख) इंजिन बंद करतो. मात्र दिवे, वायरलेस, जीपीएस आणि फिशफाइंडर चालूच राहतात. त्यामुळे तिसऱ्या पहाटेपर्यंत बॅटऱ्या थकतात. गेल्या मार्चमध्ये तर स्टार्टरने नुसता ‘टक्’ असा आवाज केला आणि शेजारच्या बोटीने दोर टाकून आम्हाला बंदरात ओढत आणले. बोट नांगरावर असल्याने बॅटरी चार्ज करायची, तर ती छोट्या होडीतून किनाऱ्यावर आणावी लागते.

आता केबिनच्या छतावर २०० वॅटचे दोन पॅनेल बसवायचे ठरले आहे. काचेच्या साध्या मोनो (एकस्फटिकी सिलिकॉनच्या) पॅनेलच्या जोडीला १४,००० रुपये सांगितले आहेत, तर ‘खास बोटीसाठी’ म्हणून दाखवलेल्या परदेशी, लवचिक, वजनाला हलक्या जोडीला ७२,००० रुपये. विक्रेत्याच्या मते दुसरे पॅनेल जास्त वीज देते आणि खाऱ्या हवेत टिकते. छतावर साधारण साडेतीन चौरस मीटर जागा मोकळी आहे. एवढा फरक देणे योग्य ठरेल का?

ओहमचा_नियम

विक्रेता खोटे बोलत नाही, पण तुमच्या बोटीला गैरलागू असलेले खरे तो सांगत आहे. पॅनेलमधल्या उत्तम प्रतीच्या सेलची (उन्हापासून वीज बनवणाऱ्या चकत्यांची) कार्यक्षमता जास्त असते, याचा अर्थ तेवढ्याच वॅटसाठी जागा कमी लागते. पॅनेलवरचे २०० वॅट हे प्रति चौरस मीटर १००० वॅट ऊन आणि २५ अंश तापमान धरून मोजलेले असतात. त्यामुळे २०० वॅट हे दोन्ही पॅनेलचे २०० वॅटच. साधे पॅनेल त्यासाठी सुमारे एक चौरस मीटर घेईल आणि महागडे त्याहून थोडे कमी. तुमच्याकडे साडेतीन चौरस मीटर आहे, म्हणजे जागेची अडचण नाही.

उष्णतेत थोडा फरक पडतो, हे मान्य करायला हवे. दुपारी सेल ६५ अंशांपर्यंत तापला, तर साधे पॅनेल दर अंशाला साधारण ०.३७ टक्के या हिशेबाने १५ टक्के वीज गमावते, तर चांगले पॅनेल ०.२९ टक्क्यांच्या हिशेबाने १२ टक्के. मात्र लवचिक पॅनेल छताला चिकटवले की त्याच्या पाठीला वारा लागत नाही, ते अधिक तापते आणि हे तीन टक्के तिथेच संपतात.

तुमची गरज मोजू. दिवे ४० वॅट धरून ११ तासांचे ४४० वॅट-तास, वायरलेसचे सुमारे १४५, जीपीएस आणि फिशफाइंडरचे मिळून २८०, मोबाइलचे ६०. एकूण सुमारे ९२५ वॅट-तास. साधे ४०० वॅट, पाच तासांचे पूर्ण ऊन आणि एक-तृतीयांश घट धरली, तरी दिवसाला १३०० वॅट-तासांच्या आसपास मिळतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असताना बोट शाकारलेली असते, तेव्हा पावसाळ्यातल्या बऱ्याच ढगाळ दिवसांची चिंताही उरत नाही.

शिडाची_होडी (साउथॅम्प्टन)

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझ्याकडे ३१ फुटी शिडाची नौका आहे. तिच्यावर पॅनेल ठेवायला सपाट जागा जेमतेम दीड चौरस मीटर, उंचावर वजन वाढले की ती जास्त कलते आणि डेकवर चालताना पाय पॅनेलवरच पडतो. अशा ठिकाणी हलक्या, पातळ, जास्त कार्यक्षम पॅनेलला पर्याय नव्हता, म्हणून मी ते घेतले. पहिल्या जोडीवरचे प्लास्टिकचे आवरण दोन उन्हाळ्यांत पिवळे पडून तडकले. दुसरी जोडी ईटीएफई (उन्हात टिकणारे चिवट प्लास्टिक) आवरणाची घेतली, ती आजही स्वच्छ आहे. लवचिक पॅनेल घ्यायचेच असेल, तर आवरण कशाचे आहे हे आधी विचारावे.

केरळात जानेवारी २०१७ पासून वैक्कम ते तवणक्कडवू या मार्गावर चालणाऱ्या ७५ प्रवाशांच्या ‘आदित्य’ फेरीबोटीच्या छतावर २० किलोवॅटचे पॅनेल आहेत. तिथे बोट ढकलणारी मोटरच उन्हावर चालते, त्यामुळे छताच्या प्रत्येक चौरस मीटरला किंमत येते. तुमच्या बोटीला ढकलणार डिझेल आणि पॅनेल फक्त दिवे सांभाळणार. शिवाय टनभर बर्फ घेऊन निघणाऱ्या बोटीला काचेच्या दोन पॅनेलचे वीस-बावीस किलो जाणवणारही नाहीत.

मरीन_वायरमन

मी रत्नागिरी परिसरात बोटींचे वायरिंग करतो आणि पॅनेल कुजल्यामुळे बंद पडलेली बोट मी क्वचितच पाहिली आहे. बंद पडतात ते जोड. एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारा) उघडला की आत हिरवी पूड दिसते. पॅनेल शाबूत असते आणि वीज तिथे अडलेली असते. साध्या तांब्याऐवजी कथील चढवलेली वायर वापरा, दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत घालू नका आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमला स्टीलचा बोल्ट थेट न लावता मध्ये नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर खारे पाणी फ्रेम खाते.

वायरच्या जाडीत कंजूषपणा करू नका. आठ मीटर अंतरावर, म्हणजे जाऊन-येऊन सोळा मीटरमध्ये, ११ अँपिअरला अडीच चौरस मिलिमीटरची वायर सुमारे १.३ व्होल्ट खाते; १८ व्होल्टच्या पॅनेलची ही सात टक्के वीज झाली. चार्ज कंट्रोलरही (पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारे यंत्र) स्वस्तातला पीडब्ल्यूएम प्रकारचा न घेता पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा एमपीपीटी घ्या, कारण पीडब्ल्यूएम पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो आणि तापलेल्या दुपारीही पंधरा टक्क्यांच्या आसपास वीज सोडून देतो. महागड्या सेलने जे कमवायचे, ते या दोन जागी आधीच सांडलेले असते.

सावलीचेही तसेच. डोलकाठीचा एक दोर आडवा आला, तर साध्या पॅनेलचा एक-तृतीयांश भाग गप्प बसू शकतो; म्हणून दोन्ही पॅनेलना वेगवेगळे कंट्रोलर द्या. आणि मासळीच्या बोटीवर कावळे नि बगळे छतावर काय करून ठेवतात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

हर्णैचा_दर्यावर्दी

सर्वांचे मनापासून आभार. विक्रेत्याला आज विचारले, की बोटीवर बसवल्यास पंचवीस वर्षांची हमी लागू राहील का. त्याने कागद चाळला आणि हमी जमिनीवरच्या वापरापुरती आहे, असे मान्य केले. तेव्हा साधी जोडी घेत आहे. वाचलेल्या पैशांतून दोन एमपीपीटी कंट्रोलर, सहा चौरस मिलिमीटरची कथील चढवलेली वायर आणि स्टार्टरसाठी एक स्वतंत्र बॅटरी येईल. रात्रभर दिवे जळले तरी तिला कोणी हात लावणार नाही. पॅनेलखाली चार बोटे फट राहील अशी चौकट बनवायला सुताराला सांगितले आहे. रोज सकाळी गोड्या पाण्याची बादली आणि फडके घेऊन छतावर चढायचे काम धाकट्या खलाशाकडे दिले आहे. तो अजून कुरकुरतो आहे.